लाल शाईतली सात नावं

१८ मार्च, सोमवार

सात नापास. चाळीसात सात — दरवर्षीइतकेच. शेवटच्या वर्षाचा संख्याशास्त्राचा पेपर असाच जातो. गठ्ठा संपवूनच उठायचं ठरवलं होतं, तशी उठले. प्रिंटरची शाई संपलेली, म्हणून फेरपरीक्षेला बसणाऱ्यांची यादी हातानेच लिहिली आणि माझ्या खोलीच्या दारावर चिकटवली.

येताना चिकट भात आणि भाजलेली कोंबडी आणली. पंख्याखाली बसून खाल्ली. फार उकडतंय. उद्यापासून पंधरा दिवस तक्रारींचे.

१९ मार्च

आज कुणीच नाही! निकालाच्या दुसऱ्या दिवशी दारात रांग असते. कारणं मला पाठ आहेत — आजी गेली, पोट बिघडलं, पाचच मार्कांचा प्रश्न आहे बाई. रडणारे, भांडणारे, आंबे घेऊन येणारे.

आज नुसती पावलं. दारापाशी येतात, थांबतात, परत जातात. दोनदा उठून पाहिलं. व्हरांडा रिकामा. आमच्या इथे या दिवसांत सगळीकडे धूळ बसते. त्या धुळीत चपलांचे ठसे पलीकडच्या भिंतीला लागून गेलेले. मुलं माझ्या दारापासून लांबून चालतायत.

२० मार्च

थनाकोन आला. सातांतला पहिला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. त्याचा पेपर मी काढूनच ठेवला होता, कुठे काय चुकलं ते दाखवायला. त्याने पाहिलासुद्धा नाही.

"मार्क राहू द्या, बाई," म्हणाला. "नाव तेवढं निळ्यात लिहा."

मग मी दाराकडे पाहिलं. सात नावं, लालभडक. तपासायचं पेन हातात होतं, त्यानेच लिहीत गेले होते.

कचेरीतल्या प्रानोम मावशी तीस वर्षं इथे कारकून आहेत. त्या मुद्दाम जिना चढून आल्या. "एवढं शिकलात बाई, आणि पोरांना जिवंतपणी पेटीत घातलंत?"

आमच्याकडे लाल अक्षरात नाव लिहितात ते शवपेटीवर. जिवंताचं कुणी लिहीत नाही. हे काय मला ठाऊक नाही? सहा वर्षांची असताना वहीवर लाल खडूने स्वतःचं नाव लिहिलं, म्हणून आईने हात सुजेपर्यंत मारलं होतं.

यादी फाडली. निळ्यात नवी लिहिली. मावशी म्हणाल्या, तेवढ्याने भागत नाही. ज्याचं नाव त्याने समोर यायचं. जिने लिहिलं तिने नावाने हाक मारायची, त्याने ओ द्यायची, मग मनगटाला पांढरा दोरा. जीव भेदरून अंगाबाहेर पडलेला असतो, तो हाक ऐकून परत येतो. दोऱ्याची गुंडी त्यांच्या खणातच होती, स्टेपलरच्या शेजारी.

थनाकोनला हाक मारली. एवढा दांडगा मुलगा, पण ओ देताना आवाज चिरकला.

२२ मार्च

काल तिघं, आज दोघं. आज ओराथाय आली ती तापाने फणफणलेली, मैत्रिणीच्या खांद्यावर मान टाकून. आणि थनाकोनची मोटारसायकल काल खडीवर घसरली. कोपर सोललंय. दोरा होता म्हणून एवढ्यावर निभावलं, असं सगळ्यांना सांगत फिरतोय.

मी कागद घेऊन गणित मांडलं. चाळीस मुलं, एक आठवडा, हा उन्हाळा — एक घसरणार, एकीला ताप येणार. न झालं तरच नवल. गणित बरोबर होतं. तरी कागद फाडून टाकला.

२३ मार्च

सहा हाका, सहा दोरे. खामपेंग आली नाही.

२५ मार्च

वसतिगृहात जाऊन आले. तिच्या खोलीतली मुलगी म्हणाली, यादी लागली त्या संध्याकाळीच ती गावी गेली. फोन बंद.

खामपेंग म्हणजे दुसऱ्या बाकावरची, खिडकीकडची. मोत्यासारखं गोल अक्षर. तिच्या गावातून इथवर पोचलेली पहिलीच. जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत नोकरी ठरलीय तिची, बारा एप्रिलच्या आत पास झाल्याचा दाखला दिला तर. वर्गात कधी शंका विचारली नाही तिने. तक्रार काय करणार!

तिची खाट रिकामी होती. मी व्हरांड्यात उभी राहून हळूच हाक मारली — म्हटलं, बघू. कुणी ओ दिली नाही.

इथे कुणी वाचत नाही, म्हणून लिहिते. यादी लिहिताना मला कळलं होतं. चौथ्या नावाला. शाई लाल आहे हे दिसलं आणि वाटलं, आता उठून कपाटातून निळं पेन कोण आणणार? पाठ दुखत होती. पुढची तीन नावं मी जाणूनबुजून लाल लिहिली. खामपेंगचं सातवं.

२७ मार्च

तिची आई आली. दोन बस बदलून. लहानखुरी बाई, हातांना आंबवलेल्या मासळीचा वास — तोच तिचा धंदा. खुर्चीवर बसेना, जमिनीवरच बसली. मग मीही खाली बसले.

मला वाटलं, आता मार्कांचं काढेल. तिने काढलंच नाही. मुलगी जेवत नाही, म्हणाली. हाक मारली तर बघत नाही. देवळातल्या म्हाताऱ्या भिक्षूंनी सांगितलंय, नाव गेलेलंच आहे, आता ते रीतसर पोचवा आणि पोरीला दुसरं घ्या. शनिवारी ठरलंय. तालुक्याच्या कचेरीत नव्या नावाचा कागदही झाला.

"तुम्ही लिहायला घेतलंत, रविवान बाई," म्हणाली, "तर पुरं करायलाही तुम्हीच या."

रागाने नाही. लग्नाचं आमंत्रण द्यावं तशी.

जाताना दाराशी थांबली. या पोरीच्या आधीची दोन राहिली नाहीत, म्हणून हिचं नाव खामपेंग ठेवलं होतं, म्हणाली. म्हणजे जपून ठेवायची चीज.

३० मार्च, शनिवार

जाऊन आले. अजून अंगाला उदबत्तीचा वास आहे. आंघोळ केली तरी.

आमच्याकडे लोक पीडा टाळायला पेटीत निजतात, देवळादेवळांतून चालतं ते. पुष्कळ पाहिलंय. पण तिथे लोक हसतात, फोटो काढतात. इथे कुणी हसत नव्हतं. गावातली वीसेक माणसं, सगळी पांढऱ्या-काळ्या कपड्यांत, खऱ्या मयताला यावीत तशी. बायकांनी भाजी-भात रांधलेला.

भिक्षूंनी माझ्या हातात लाल पेन दिलं. पेटीच्या पायथ्याशी कागद डकवलेला होता, त्यावर नाव लिहायचं. माझा हात थांबला. खामपेंगने माझ्याकडे पाहिलं — गालफडं बसलेली, पण नजर शांत. म्हणाली, "लिहा बाई. तुमच्या हाताला ते माहीत आहे." मी लिहिलं.

ती निजली. डोकं पश्चिमेला. अंगावर पांढरं कापड. मेलेल्यांसाठी म्हणतात ते पठण पुरं झालं, सगळं. कापड वर-खाली होताना दिसत नव्हतं. मी मोजत होते. मोजायची सवय वाईट. मग तिला फिरवून डोकं पूर्वेला केलं, दुसरं पठण झालं, कापड काढलं. ती उठून बसली आणि भिक्षूंनी तिला नव्या नावाने हाक मारली — रसिता. तिने ओ दिली. स्पष्ट, मोकळी. मनगटाला दोरा बांधला.

लाल नावाचा कागद तिच्या आईने झाडाखाली नेऊन जाळला. "मीच दिलं होतं, मीच पोचवते," एवढंच म्हणाली.

मग जेवणं. रसिता पोटभर जेवली. किती बरं वाटलं! पाण्याचा तांब्या तिच्यापलीकडे होता आणि मी — सवयीने, चार वर्षांच्या सवयीने — म्हणाले, "खामपेंग, पाणी दे गं जरा."

 रसिताने मान वळवली नाही. ताटातच पाहत राहिली.

पण ओ आली. मागून, झाडाच्या बाजूने. बारीक आवाजात, हजेरीला देतात तशी.

मी एकटीनेच ऐकली असं म्हटलं असतं. पण तिच्या आईनेही तिकडे पाहिलं होतं.

३१ मार्च

झोप नाही. हाक मारायला नको होती.

१ एप्रिल

माझ्या टपालाच्या कप्प्यात फेरतपासणीचा अर्ज. नेहमीचा छापील. विषय संख्याशास्त्र. तारीख आजची. कारणाच्या जागी एकच ओळ — 'पान अकरा आणि बारा पाहिलेलं नाही.' खाली सही. खामपेंग.

गोल अक्षर.

पेपर काढला. दहानंतर थेट तेरा! उन्हाळ्यात इथे कागद सुके असतात, चिकटत नाहीत. पण ही दोन पानं कडेने चिकटली होती. पट्टी घालून सोडवली. आत सातवा प्रश्न, पूर्ण सोडवलेला. सुंदर सोडवलेला. मी शून्य दिलं होतं, 'सोडवला नाही' असं लिहून. चौदा मार्क होतात. एक्केचाळीस आणि चौदा, पंचावन्न. पास व्हायला पन्नास लागतात.

ती नापास नव्हतीच.

२ एप्रिल

रसिता वसतिगृहात परतली आहे. तिला बोलावून पेपर दाखवला. पाया पडायचंच बाकी ठेवलं मी. ती पानावरून बोट फिरवत राहिली. दुसऱ्या कुणाचं चांगलं अक्षर पाहावं तसं.

"अर्ज मी केला नाही, बाई," म्हणाली. "ती सही मी आता करत नाही."

मग कुणी केला, मी विचारलं. तिने पेपर मिटून माझ्याकडे सरकवला. मी म्हटलं, मार्क तुझे आहेत, आज दुरुस्ती पाठवते, फेरपरीक्षेची गरजच नाही. तिने मान हलवली.

"ते तिचे आहेत. तिला द्या. मी माझे मिळवते."

तिच्या आईला फोन केला. अर्ज तुम्ही पाठवलात का? नाही म्हणाली, आपल्याला लिहिता येत नाही.  मग विचारलं, अक्षर कसं आहे? गोल आहे, म्हटलं.

"हो. गोलच काढते ती."

अर्ज मुदतीत आहे. चूक माझी आहे. ज्या नावाने तक्रार आली त्याच नावाची दुरुस्ती भरली, काळ्या शाईत, आणि सही केली. दुसरं काय करणार होते मी?

४ एप्रिल

फेरपरीक्षा. सातही जण आले. हजेरीच्या कागदावर सातवं नाव रसिता. अक्षर तिरपं, बारीक. मी कधी न पाहिलेलं.

५ एप्रिल

सातही पास. रसिताला त्र्याहत्तर. प्रत्येक पान दोनदा उलटून पाहिलं, बोटाला थुंकी लावून.

९ एप्रिल

प्रानोम मावशींचा खालून फोन. "बाई, संगणकात तुमच्या दोन पोरी झाल्यात." नाव बदलल्याचा कागद कुणीतरी नवीन विद्यार्थिनी म्हणून चढवला, जुन्या नावावर माझी दुरुस्ती लागली. दोघीही पास. दोघींचेही दाखले छापून तयार! जुळ्यांच्या बारशाला मला काय मिळणार, म्हणून हसत होत्या. मी हसले नाही. खामपेंगच्या नावाचा दाखला बाजूला ठेवा, म्हटलं. उद्या येऊन रद्द करते.

१० एप्रिल

जायला जमलं नाही. दोन वाजता रसिता आली. सकाळीच आपला दाखला घेऊन आरोग्य कचेरीत देऊन आली होती. सोळा तारखेपासून रुजू. घरचे कच्चे आंबे आणि मिरचीमीठ आणलेलं. बसली ती साडेतीनपर्यंत. पहिल्यांदाच इतकं बोलली माझ्याशी — आईबद्दल, नोकरीच्या गावात खोली बघायची त्याबद्दल. मी विचारलं, जुन्या नावाची आठवण येते का? विचार करून म्हणाली, माझ्या जागी कुणी आधी राहून गेलंय असं वाटतं. भांडण नाही काही.

मी माफी मागितली. चौथ्या नावापासूनचं सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण मधेच म्हणाली, "हे मला नका सांगू बाई."

बरोबर आहे तिचं.

११ एप्रिल

सकाळी कचेरीत गेले, जुना दाखला रद्द करायला. मावशी म्हणाल्या, तो तर काल नेला. नेला कुणी? तिनेच की, तीनच्या सुमाराला. वही दाखवली. गोल अक्षरातली सही.

तीन वाजता रसिता माझ्या समोर बसून आंबा खात होती.

मावशी सांगत होत्या, चेहरा जरा उतरलेला, पण नमस्कार अगदी वाकून केला पोरीने. तुमची चौकशी करत होती. बाई भेटतील का म्हणाली. मी सांगितलं, आत्ता खोलीत कुणी बसलंय, उद्या दुपारी ये.

आज दुपारची सुट्टी घेणार होते. घेत नाही.