फूल बघते आणि जाते

१२ नोव्हेंबर
कॅमेलियाला कळ्या आल्या! लावल्यापासून चौथ्या वर्षी. घट्ट, हिरव्या, वाटाण्याएवढ्या. कुंडी मागच्या व्हरांड्यात आणली — रात्री कळ्या गारठल्या आणि वर सकाळचं ऊन पडलं की संपलंच.
आई म्हणाली, "एवढं फूल बघते आणि जाते हो दादाकडे." गुडघ्याच्या ऑपरेशनला आली, ती उन्हाळ्यापासून इथेच. माझं शिलाई मशीन तेव्हापासून जिन्याखाली. जाते म्हणाली तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

२० नोव्हेंबर
पिंपातलं पावसाचं पाणी अर्ध्यावर आलं. नळाचं या कॅमेलिया बाईसाहेबांना चालत नाही! हे म्हणतात, "सासूबाई परवडल्या, पण हिचे नखरे नकोत." आई खूप हसली.

२९ नोव्हेंबर
तीन कळ्या गेल्या.
दादाचा फोन — "आईचं नक्की कधी ते सांग." त्याच्याकडे दोघंही सकाळीच कामावर जातात, बाहेरून कुलूप, आई दिवसभर आत एकटी. आई फोनवर नुसती "हो, हो" करत होती. मग चहा तसाच ठेवून उठली.

४ डिसेंबर
आणखी दोन! रोपवाला म्हणाला, "ताई, माती कोरडी पडली की कळ्या गळतात. कुंडी सारखी हलवली तरी गळतात." माती ओली आहे. व्हरांड्यात आणल्यापासून कुंडी जागची हलवलेली नाही. आणि गळल्या तर खाली एक तरी सापडेल ना! फरशी स्वच्छ. चिमण्यांवर संशय. झाडाला जाळी घालून खाली गाठ मारली.

५ डिसेंबर
जाळीतूनही एक गेली. म्हणजे चिमणी गाठ सोडते, आणि जाताना पुन्हा बांधते!

११ डिसेंबर
दुपारी लवकर घरी आले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं. आई. तिने गाठ सोडली, कळी नखाने खुडली, शालीत लपवली, गाठ पुन्हा बांधली. मग शालीच्या टोकाने एकेक पान पुसत बसली.
डोकं असं फिरलं! चार वर्षं तळहाताच्या फोडासारखं जपलंय मी ते झाड! ओरडणारच होते. आणि एकदम कळलं. "मी इथेच राहू का?" हे ती जीभ झडली तरी विचारायची नाही. रडू आलं मला. तशीच बाहेर गेले, दार वाजवून, मोठ्याने हाक मारत पुन्हा आत आले.

१२ डिसेंबर
दादाला सांगितलं, "झाड अजून फुललं नाही."

१५ डिसेंबर
एकच कळी उरलीय. टोकाला गुलाबी दिसायला लागलं. आईने हिला हात लावलेला नाही. म्हणाली, "ही फुलू दे बाई. किती केलंस तू हिचं." आणि माळ्यावरची बॅग काढायला सांगितली.

१६ डिसेंबर
आई आंघोळीला गेली तेव्हा शेवटची कळी मीच खुडली. गाठ होती तशी बांधून ठेवली.