माझ्या नावाने ओळख पटवणाऱ्या इसमास न पकडण्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक ओळख-पडताळणी व गोपनीयता विभाग,
दूरध्वनी सेवा कंपनी, मुख्य कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याजवळची खोली.

अर्जदार : फेरीबोटीचा निवृत्त चालक, राहणार धक्क्यामागील गल्ली, शिंप्याच्या दुकानाच्या वर.

विषय : माझी ओळख माझ्याऐवजी पटवून देणाऱ्या अज्ञात इसमाबाबत, आणि सदर इसमास हात न लावण्याबाबत.

संदर्भ : १) मला आलेली आपली नोटीस. २) माझा यापूर्वीचा तक्रारअर्ज, ज्यात सदर इसमास बेड्या घालण्याची मागणी केली होती.

महोदय,

१. मी खाडीवरील फेरीबोट चालवून निवृत्त झालो. या काठावरून त्या काठावर आणि त्या काठावरून या काठावर, एवढाच माझा जलप्रवास. तरी गल्लीत मला कप्तान म्हणतात, कारण उतारूंचा वेळ जावा म्हणून मी हकिकती सांगत असे आणि त्यांत महासागर येत. तीच हकिकत दोनदा तशीच सांगणे हा ऐकणाऱ्याचा अपमान आहे, असे माझे ठाम मत आहे. आपल्या कंपनीशी झालेल्या तंट्याचे मूळ या मतात आहे.

२. आपण ग्राहकांची खाजगी माहिती सुरक्षित राहावी म्हणून नवे सॉफ्टवेअर बसवलेत, तेव्हा सर्व जुन्या ग्राहकांना बोलावून तीन गुप्त प्रश्नांची उत्तरे नोंदवून घेतलीत. मी सपत्नीक हजर होतो. प्रश्न असे : बालपणी पाळलेला प्राणी कोणता? पोहायला कोठे शिकलात? जोडीदाराची पहिली भेट कोठे झाली? खिडकीतील मुलगी मला म्हणाली, "सविस्तर सांगा हं." महोदय, हे वाक्य मला उभ्या आयुष्यात कोणी ऐकवले नव्हते. मी सविस्तर सांगितले. शेजारी बसलेल्या आमच्या सौ. मला कोपराने ढोसत होत्या आणि "अहो, कचेरी आहे ही, निदान इथे तरी!" असे पुटपुटत होत्या. नोंद झाली ती झालीच.

३. त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्ही उभयता खाडीपलीकडे माझ्या मेहुणीकडे जेवावयास गेलो. तिच्या मुलीच्या होणाऱ्या सासरची मंडळी तेथे आली होती. गप्प बसणे बरे दिसेना, म्हणून मी सांगितले की, एका वादळात बोटीचे सुकाणू तुटले असता आमच्या सौ.नी ते आपल्या वेणीने बांधून बोट धक्क्याला लावली. मंडळींनी ही हकिकत खरी धरली आणि वेणी पाहावयास मागितली. सौ. म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून या माणसाच्या गोष्टींतच राहतेय मी. आता जरा घरात राहून बघते." त्या बहिणीकडेच राहिल्या. मी एकटा परत आलो. तेव्हापासून त्या माझा फोन उचलत नाहीत. ही बाब घरगुती असली तरी अर्जास आवश्यक आहे.

४. पुढे रोज दिवेलागणीस मला एक फोन येऊ लागला. नंबराच्या जागी फक्त "गोपनीय" अशी अक्षरे. मी हॅलो म्हणतो, खोकतो, पुन्हा हॅलो म्हणतो. पलीकडे कोणी तरी श्वास घेतल्याचे ऐकू येते आणि फोन बंद होतो. हा कोणी तरी माझ्या पाळतीवर आहे असा माझा पक्का समज झाला. नंबर उघड करावा म्हणून मी आपल्या मदतक्रमांकावर फोन लावला. तेथील यंत्राने विचारले, पाळलेला प्राणी कोणता? मी बुद्धिबळ खेळणारे पाणमांजर सांगितले. उत्तर जुळले नाही. मग शिट्टी मारून बोट परत फिरवणारा पोपट सांगितला. तोही जुळेना. शेवटी एक मगर सांगून पाहिली, तोच यंत्राने माझ्या नंबरास कुलूप घातले व मला फोन करणाऱ्यांस "ग्राहकाची ओळख पटेपर्यंत सेवा थांबवली आहे" असे ऐकवू लागले.

५. दुसऱ्या दिवशी सकाळी संदेश आला : "आपली ओळख यशस्वीरीत्या पटली आहे." महोदय, त्या क्षणी माझ्या तोंडात दात घासायचा ब्रश होता. मी कोणालाही काहीही पटवून दिले नव्हते. मग ओळख पटली ती कोणाची?

मी मुद्दाम पुन्हा कुलूप लावून घेतले. ते पुन्हा उघडले गेले. असे वारंवार झाले. काहीही न नेता नुसते कुलूप उघडून देणारा चोर मी माझ्या हकिकतींतही कधी घातला नाही, कारण कोणी विश्वास ठेवला नसता.

६. माझा पहिला संशय खालच्या शिंप्यावर गेला, कारण त्याच्या दुकानाचे छप्पर म्हणजे माझी फरशी, आणि त्याचे कान तिखट. त्यास जाब विचारता तो टाचण्या तोंडात धरूनच म्हणाला, "कप्तान, तुमचं सोंग घ्यायला रिकामं कोण बसलंय? तुमचं तुम्हालाच जमेना झालंय." दुसरा संशय जावयांवर. ते संगणकावर काम करतात आणि माझी गोष्ट ऐकताना हसत नाहीत. मी त्यांच्या फोनकडे रोखून पाहत बसलो असता लेकीने मला हाताला धरून गॅलरीत नेले आणि बजावले, "बाबा, ह्यांना तुमची एक गोष्ट आठवत नाही धड, उत्तरं कुठून देतील? आईला आणा आधी घरी, म्हणजे हे असले उद्योग सुचायचे नाहीत." या उत्तरातील शेवटचा भाग मी तेव्हा विचारात घेतला नाही.

७. मग संदर्भ क्र. २ चा तक्रारअर्ज दिला. चौकशीसाठी बोलावणे आले तेव्हा खिडकीत तीच मुलगी होती. माझ्या नावाने कोण बोलतो ते सांग, अशी मी मागणी केली. ती म्हणाली, "आजोबा, ग्राहकाची माहिती मला त्रयस्थाला देता येत नाही." मी म्हटले, ग्राहक मीच आहे. ती म्हणाली, "मग पाळलेला प्राणी सांगा." मी विचारात पडलो. थोडक्यात, माझी गोपनीयता आपली कंपनी माझ्यापासूनच डोळ्यांत तेल घालून जपते, याबद्दल मी आपले अभिनंदन करतो.

मी तेथेच बाकावर बसकण मारली आणि उठण्यास नकार दिला. जेवणाची सुटी झाली तेव्हा ती मुलगी डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली व तिने खुलासा केला की, कुलूप उघडण्याचे काम यंत्राकडे नसून तिच्याकडे आहे. परंतु तिच्या पडद्यावर ग्राहकाचे नाव, वय, बाई की बाप्या, यांतले काहीच दिसत नाही. दिसतो फक्त एक बदलता टोपणक्रमांक. उत्तरे जुळली की उघडायचे, एवढाच हुकूम. "बोलणारं माणूस कोण ते मी सांगणार नाही," ती म्हणाली, "पण ते प्रत्येक उत्तराआधी म्हणतं, 'हे खरं नाहीये हं बाई, पण तुमच्याकडे हेच लिहिलेलं असणार.' आणि मग एका पायाचा, पत्ते ओळखणारा बगळा सांगतं. अगदी शब्द न् शब्द."

बगळा! महोदय, मी स्वतः तो साफ विसरलो होतो.

पोहण्याच्या उत्तराआधीही ते माणूस तेच म्हणते. मी विचारले, आणि तिसऱ्याच्या आधी? मुलगी म्हणाली, "तिसऱ्याच्या आधी काही म्हणत नाही. नुसतं सांगतं, 'खवळलेल्या समुद्रात. मी दोर टाकला आणि त्यांनी धरला.'"

८. वस्तुस्थिती अशी की, आमची पहिली भेट धक्क्यावरील तिकीटखिडकीपाशी झाली. आदल्या फेरीस सौ.ची आई चढायच्या आधीच मी बोट सोडली म्हणून त्या मला सर्वांदेखत बोलत होत्या. समुद्र शांत होता आणि दोर खुंट्याला बांधलेला होता. हे मी प्रथमच कोणास जसेच्या तसे सांगत आहे.

रोज संध्याकाळी गप्प राहणारा फोन कोणाचा, आणि तो लागेनासा झाला की सकाळी माझे कुलूप कोण उघडते, हे मला त्या बाकावर उमगले.

९. आता आपल्या नोटिशीबाबत. आपण कळवता की, एकाच ग्राहकाच्या नावे दोन व्यक्ती आढळल्याने मी मुदतीत समक्ष येऊन खरी उत्तरे पुराव्यासह द्यावीत. जुनी उत्तरे कायमची पुसली जातील. अन्यथा नंबर बंद होईल. साहेब, नंबर बंद झाला तर संध्याकाळचा फोन बंद होतो. खरी उत्तरे दिली तर पुढच्या कुलपाची किल्ली सौ.च्या हातून जाते, आणि मला पुन्हा कुलूप लागणार हे मी स्वतःस ओळखून असल्याने खात्रीने सांगतो. दोन्हीकडून माझेच घर बसते.

सबब विनंती की :

माझी मागील तक्रार रद्द समजावी. नोंदवलेली तिन्ही उत्तरे खोटी असली तरी बरोबर असल्याने तशीच ठेवावीत. माझी ओळख पटवण्याचा अधिकार सदर इसमाकडेच असावा, कारण मी कोण हे त्यांच्याइतके धड मलाही सांगता येत नाही. मला हे समजले आहे, असे त्यांस कळू देऊ नये. कळल्यास त्या त्याच दिवशी थांबतील.

आणि एक. सदर इसमाचा पुढील फोन येईल तेव्हा तीन प्रश्नांनंतर चौथा, कंपनीचाच नवा नियम असल्याचे भासवून, विचारण्यात यावा : "ग्राहकाने न्यावयास केव्हा यावे?" याचे बरोबर उत्तर अर्जदारास ठाऊक नाही. त्या जे सांगतील तेच बरोबर धरून नोंदवावे, आणि गोपनीयतेच्या नियमांत बसत असल्यास, नसल्यास जेवणाच्या सुटीत, अर्जदारास कळवावे. अर्जदार पुन्हा त्याच बाकावर बसून आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
(सही)
आपल्या नोंदीनुसार ओळख न पटलेला ग्राहक

दिनांक : नोटिशीच्या मुदतीतील शेवटला.

सोबत : १) नोटिशीची प्रत. २) अर्जदार हा अर्जदारच असल्याचा शिंप्याचा दाखला. ३) चौथ्या उत्तरासाठी कोरा कागद, अर्जदाराच्या पत्त्याच्या पाकिटासह.