मामांचं काळं मंजन

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५. सकाळी ६.२०
मोरीत उभा राहून मंजन लावत होतो. खालच्या ओठाच्या आत बोटाला खरखरीत लागलं. मोबाईलचा उजेड धरून आरशात पाहिलं, पांढरा चट्टा आहे. दुखत नाही. माझ्याइतके दात आमच्या उंद्री गावात कुणी घासत नसेल. शाळेतल्या दातांच्या शिबिरात दिवसातून दोनदा घासा म्हणाले होते, तेव्हापासून कधी चुकलो नाही. मामांच्या दुकानातलं घरी कुटलेलं काळं मंजन, बोटाने, ओठात थोडा वेळ धरून. एखाद्या वेळी राहिलं तर डोकं जड होतं, इतकी शिस्त लागली आहे.
आईला चट्टा दाखवला. "गरम चहा पेला असशील," म्हणाली आणि भांड्यांकडे वळली.

बुधवार, ५ फेब्रु.
झेरॉक्सच्या दुकानातून सुट्टी घेऊन बुलढाण्याला. दातांच्या डॉक्टरबाईंनी चट्टा कापडाने पुसून पाहिला. पुसला जाईना.
"तंबाखू किती वर्षांपासून?"
म्हणालो, सुपारीही खात नाही. तंबाखू-सुपारी घोटलेला खर्रा? नाही. बाई म्हणाल्या, सगळे असंच म्हणतात. दारातल्या बाकावरचा म्हातारा हसून म्हणाला, "लपवू नको बेटा, बाई ओठ पाहून वळखते." कान तापले. निघताना बाईंनी विचारलं, दात कशाने घासता? सांगितलं. पुडी घेऊन या म्हणाल्या.

शनिवार, ८ फेब्रु.
पुडी नेली. मामांना कळवलं नाही, उगाच त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं झालं असतं.
बाईंनी चिमूटभर पाण्यात कालवलं, वास घेतला. "कोळसा, लवंग, तुरटी. आणि भाजलेली तंबाखू. माझ्या आजीच्या मिसरीच्या डबीला हाच वास यायचा." मग म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलत नव्हतात. माफ करा." या बोलण्याने जास्त लागलं. त्यापेक्षा आधीचा संशय बरा होता.
सांगितलेलं लिहून ठेवतो. मंजन आजपासून बंद. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, सकाळी आणि झोपताना. जोर लावायचा नाही. रोज आरशात तोंडाच्या आत पाहायचं. तीन आठवड्यांत चट्टा गेला नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवणार. कॅन्सरचं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही.
"घरात आणखी कोण हे लावतं?"
आई. दिवसातून तीनदा.

रविवार, ९ फेब्रु.
मामांच्या दुकानात गर्दी सरेपर्यंत थांबलो. मग विचारलं. मामांनी लपवलंही नाही.
"टाकतो ना, भाजून, थोडीशी. नाही तर लोक पेस्टची ट्यूब घेतात बे. आपल्या मंजनाचं गिऱ्हाईक दुसरीकडं जातच नाही."
"मले काऊन नाही सांगितलं?"
"तुले काय सांगू? तुह्या मायनंच लावलं तुले. चौथीत होता. दाढ दुखून राह्यली होती, रडून रडून घर डोक्यावर घेतलं. मंजन लावलं अन् झोपला."
तेवढ्यात एक बाई आली. "मामा, कडक हाय ना?" "कालच कुटलं." माझ्यासमोर पुडी बांधून दिली. मी तिला थांबवलं नाही. का नाही, ते लिहवत नाही.

सोमवार, १० फेब्रु.
आईला विचारलं. भाकरी थापत होती, हात थांबला नाही.
"हाव. माहीत होतं."
भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "तुह्या बापाचा खर्रा पाहून जीव इटला होता. वाटलं, हे मंजनच तर हाय."
मी म्हणालो, गावभर सांगत फिरलो की मी तंबाखूला शिवलो नाही.
"तू नाहीच शिवला. म्या शिववलं."
भाकरी करपली. दोघांनी तीच खाल्ली.

शुक्रवार, १४ फेब्रु.
डोकं फुटतं. मंजन सोडून सहा दिवस झाले. दुकानात टाइप केलेल्या एका अर्जात दोन चुका झाल्या, गिऱ्हाइकाने दाखवल्या. असं कधी झालं नव्हतं. शिस्त म्हणे.
आई बुलढाण्याला यायला तयार नाही. "माह्यं आता सुटते का?" तोंड उघड म्हटलं तर पदर लावला.

शनिवार, १ मार्च
चट्टा लहान झाला, गेला नाही. बाईंनी बधिर करून तुकडा काढला, दोन टाके. रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी.
घरी आलो तर मामा ओसरीवर. आईच्या आणि त्यांच्या मधे एक पुडी. "घे गजू. तुह्यासाठी बिनातमाखूचं कुटलं."
"अन् दुकानातलं?"
"दुकान दुकान हाय बे."
आईने पुडी उचलली, वास घेतला, परत ठेवली. मीही नाही घेतली. मामा चहा न पिता गेले. त्यांचे डोळे भरले होते असं आई म्हणते. मी पाहिलं नाही.
खर्च: तपासणी नि टाके १४००, पैकी ४०० राहिले. एसटी ३६०. ब्रश दोन, ८०. आईचा अजून कागदातच.
देणे: डॉक्टरबाई ४००. मामा ९०००, टायपिंगच्या क्लासला दिलेले. एकदाही मागितले नाहीत.