तक्रारीत दोन नावं

धुळे

आदरणीय यादव नाना,

हे पत्र मी पाठवणार नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मुलींनी वजन उचलणं गावाला पटत नव्हतं, तेव्हा तुम्ही अब्बांना समजावून मला व्यायामशाळेत नेलंत. जिल्ह्यातली पहिली राष्ट्रीय विजेती मी तुमच्यामुळेच झाले. स्पर्धेआधी तुम्ही इंजेक्शन द्यायचात. "ताकदनं औषध शे," एवढंच सांगायचात. ते बंदी असलेलं औषध होतं हे मला नंतर कळलं, तरी मी गप्प राहिले.

काल माझी शिष्या हुमा तुमच्या जळगावच्या शिबिरातून परतली. तिच्या मांडीवर सुईची खूण होती.

"मॅडम, नाना म्हणाले, तुम्हीपण घ्यायच्या."

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आज सकाळी मी भारोत्तोलन संघटनेकडे लेखी तक्रार दिली. तुमचं नाव लिहिलं आणि त्याखाली माझंही. पदक आता बहुधा परत द्यावं लागेल.

हुमाला मी येत्या स्पर्धेतून काढलं, तेव्हा ती रडत म्हणाली, "म्हणजे तुमचं पदक खोटंच होतं?"

मी हो म्हणाले. तुमच्यावरचा जीव मात्र अजूनही कमी होत नाही, नाना.

तुम्ही घडवलेली,
हुस्नबानो