पोटातल्या बाळाला काही न देण्याचे कारण

मी, डॉ. धुरपदा खंडू ओव्हाळ, वय वर्षे ६२, धंदा निवृत्त प्राध्यापिका, प्रसूती व स्त्रीरोगशास्त्र, मूळ राहणार वडगाव रासाई, तालुका शिरूर, हल्ली मुक्काम दौंड, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची तक्रार आहे. येत्या सोमवारी पुण्यात माझी बायपास ठरली आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही असे इथे लिहायची पद्धत आहे. दडपण आहे, आणि ते कसले हे पुढे येईलच. पण मिळकत अमक्यालाच द्या म्हणून मला कोणी धमकावलेले नाही.

धुरपदा हे नाव कागदोपत्री खरे आहे. कॉलेजात नेमणूक झाली तेव्हा एका वरिष्ठांनी सुचवले होते की द्रौपदी करून टाका, परिषदेत बरे दिसेल. मी त्यांना म्हटले, आईने ठेवलेले नाव आहे, परिषदेला बरे दिसले नाही तर परिषदेने बघून घ्यावे.

कलम १. मी लग्न केलेले नाही. माझा एकुलता एक भाऊ वारला. त्याची पत्नी आक्काबाई, मुलगा सम्राट, सून रश्मी आणि रश्मीची चार वर्षांची मुलगी प्रगती हे दौंडच्या माझ्या घरात माझ्याबरोबर राहतात. सम्राट कुरकुंभला एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. रश्मीला पाचवा महिना लागतो आहे. गेल्या आठवड्यात तिची सोनोग्राफी मीच केली. सोमवारी माझे बरेवाईट झाले तर हा कागद याच दिवसांत उघडला जाईल, आणि माझ्या घरचे लोक त्यात मिळकत नंतर शोधतील, आधी मुलगा आहे की मुलगी ते शोधतील. मला झोप लागत नाही ती ऑपरेशनमुळे नव्हे, यामुळे.

कलम २. ही भीती म्हातारीचा भ्रम आहे असे कोणी म्हणू नये, म्हणून भांडगावची हकिकत लिहिते. गरोदर बाईच्या ताटात काय पडते आणि बाळाचे वजन किती भरते, यावर मी आयुष्यभर संशोधन केले. त्यासाठी आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यांना घेऊन भांडगावला जायचे. बायका रक्त द्यायला उपाशीपोटी यायच्या, म्हणून तपासणीनंतर प्रत्येकीच्या हातावर एक फळ ठेवायचे. फळे वच्छलाबाई आणायच्या. आमच्या दवाखान्यात त्या पहिल्यापासून आहेत. बाजारात केळी स्वस्त असली तर केळी, नाहीतर पेरू. कधी अर्धे हे, अर्धे ते.

एक बाई पुढच्या खेपेला आलीच नाही. मी घरी गेले. सासू अंगणात बाजरी पाखडत होती. म्हणाली, "झालं की मोकळं पोट. तुमीच तर पेरू दिला बाई."

मला काही कळेना. तेव्हा तिनेच समजावून सांगितले, "केळं म्हंजी पोरगा, पेरू म्हंजी पोरगी. समद्या गावाला ठावं हाय. तुमास्नी तोंडानं सांगता येत न्हाई, कायदा हाय, म्हनून तुमी असं सांगता. लई चांगलं करता बगा."

तिने मला चहाही केला. मी तो प्याले नाही. त्या दिवशी केळी संपली होती आणि वच्छलाबाईंनी पाटीतला पेरू उचलून दिला होता, एवढीच गोष्ट. त्या बाईच्या पोटात काय होते ते मी मशीनवर पाहिले होते. ते मी तेव्हा कोणाला सांगितले नाही आणि इथेही लिहिणार नाही.

त्यानंतर सगळ्यांना शेंगदाण्याचा लाडू, एकाच आकाराचा. मग लोक बघू लागले की मी कोणत्या हाताने देते. मग बायकांनी ताटातून आपापला उचलायचा असे ठरवले. मग माझा चेहरा वाचू लागले. मी हसणे सोडले. विद्यार्थ्यांनी माझे नाव काय ठेवले होते ते मला ठाऊक आहे, त्यांनी लाजू नये.

कलम ३. सोनोग्राफीचे मशीन दौंडच्या घराच्या पुढच्या खोलीत, माझ्या दवाखान्यात आहे व कायद्याप्रमाणे नोंदलेले आहे. माझ्या मृत्यूची खबर येताच त्या खोलीला कुलूप लावावे, शेजारपाजारच्यांना चहा देण्याआधी. किल्ली माझी विद्यार्थिनी, आता कॉलेजात अधिव्याख्याता असलेली डॉ. सुषमा मल्हारी कोकरे हिच्याकडे आजच दिली आहे. मशीन तिने रीतसर कळवून कॉलेजच्या ताब्यात द्यावे. ते विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि ओळखीच्या कोणाला "दोन दिवस वापरायला" तर मुळीच देऊ नये. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणूनही मी सुषमालाच नेमते. ती मेंढपाळाच्या घरातली आहे, तिला कळप हाकता येतो आणि आमच्या घरचे चौघे म्हणजे काही फार नाहीत.

कलम ४. शिकवण्याची लाकडी श्रोणी, म्हणजे ओटीपोटाच्या हाडांचा सांगाडा, आणि कापडी बाहुली सुषमाला. बाळ आईच्या हाडांमधून कसे वळत बाहेर येते हे या दोन वस्तूंवर मी सबंध नोकरीभर शिकवले. बाहुली माझ्या आईने जुन्या लुगड्याची शिवून दिली होती. मान सैल झाली आहे, एक टाका घालावा. एका मुलाने वर्गात विचारले होते, बाहुली मुलगा की मुलगी? त्याला मी बाहेर उभे केले होते. आज तो पुण्यात मोठे हॉस्पिटल चालवतो आणि मला दिवाळीला भेटकार्ड पाठवतो. त्याला काहीही देऊ नये.

तसेच ज्या विभागप्रमुखांनी माझ्या निबंधावर स्वतःचे नाव पहिले घातले आणि तो दिल्लीला जाऊन वाचला, त्यांना माझ्या निरोप समारंभाचे मानपत्र पोचवावे. त्यात माझ्या कामाबद्दल जे लिहिले आहे ते त्यांचे आहे असे त्यांना वाटण्याची शक्यता आहे.

कलम ५. माझे अंत्यविधी त्रिशरण, पंचशील म्हणून लगेच उरकावेत. पुण्याहून कोणी यायचे आहे म्हणून थांबू नये. विद्यार्थी आले तर त्यांना जेवल्याशिवाय पाठवू नये.

कलम ६. आता मिळकत. दौंडचे घर आणि वडगाव रासाईची भीमेकाठची एक एकर जमीन, दोन्ही माझ्या पगारातून घेतलेली, स्वकष्टार्जित, कोणाचा वडिलार्जित हक्क नाही.

पहिल्या मसुद्यात मी ही जमीन रश्मीच्या पोटातल्या बाळाच्या नावे लिहिली होती. मग वाटले, जमीन म्हटली की हे म्हणणार मुलगा. म्हणून ते खोडून आईचे चांदीचे वाळे लिहिले. दागिना म्हटला की मुलगी. दोन्ही लिहिले, तर म्हणतील डॉक्टर आत्यालाच नीट दिसले नाही, चला दुसरीकडे दाखवू. प्रगतीला सगळे दिले, तर म्हणतील दुसरा मुलगा आहे, त्याचे त्याला बाप देईल, म्हणून हिची सोय केली. काहीच दिले नाही, तर म्हणतील मुलगी असणार, म्हणून तिची आठवणसुद्धा ठेवली नाही. पाच कागद फाडले. ज्या बाईने एवढे विद्यार्थी पास-नापास केले तिला आपले एक वाक्य असे लिहिता येईना की ज्याचा अर्थ कोणी काढणार नाही.

सोनोग्राफी झाली त्या दिवशी आक्काबाई दाराशी उभी होती. म्हणाली, "वन्सं, सांगू नगा. तुमचा धरम तुमी पाळा. पर नुस्तं हसा तरी."

मी हसले नाही. ती आत जाऊन पदर तोंडाला लावून बसली. म्हणजे तिने न हसण्याचाही अर्थ लावला. आक्काबाई वाईट नाही. माझ्या दोन्ही आजारपणांत तिने माझे सगळे केले. आणि सम्राट माझी औषधे मी न सांगता आणतो. पण परवा त्याने कंपनीत चार दिवसांची रजा टाकली. मी विचारले, "कशाला रे?" तर खाली बघून म्हणाला, "काय न्हाई, आसंच." माझ्या ऑपरेशनसाठी असेल असे मी मनाला समजावते. ऑपरेशन सोमवारी आहे आणि रजा या गुरुवारपासून रविवारपर्यंत आहे.

कलम ७. हे लिहीत असताना रश्मी चहा घेऊन आली. साक्षीदार म्हणून तिचीच सही घ्यायचे ठरले होते, तिचे नावही खाली लिहून झाले होते. कप ठेवून ती उभीच राहिली. मला वाटले, आता हीसुद्धा विचारणार. ती म्हणाली, "डॉक्टर आत्या, माझं हिमोग्लोबीन किती आलं? चालताना लई दम लागतोय. मला काय व्हनार तर न्हाई ना?"

गेल्या आठवड्यापासून या घरात मला बरेच प्रश्न विचारले गेले. त्यातला रश्मीबद्दलचा हा पहिला, आणि तोही तिलाच विचारावा लागला. मी तिचा हात हातात घेतला. नखे पांढरी होती. मी सोनोग्राफी केली, बाळाची मापे घेतली, आणि या पोरीच्या नखांकडे पाहिले नव्हते. परीक्षेत ज्या विद्यार्थ्याने बाईचे नाव विचारण्याआधी पोटावर हात ठेवला त्याला मी हटकून नापास करत असे. हा कागद लिहिताना मीही आठवडाभर पोटाचाच विचार करत बसले होते.

म्हणून आता स्पष्ट लिहिते. दौंडचे घर व वडगाव रासाईची जमीन मी रश्मी सम्राट ओव्हाळ हिला देत आहे, तिच्या एकटीच्या नावे, पूर्ण मालकीने. सम्राट व आक्काबाई यांनी त्या घरात रश्मीच्या मर्जीने राहावे. वाळे प्रगतीला, कारण ते ती रोज मागते. पोटातल्या बाळाला मी काहीही देत नाही. त्याला आई आहे.

यातूनही अर्थ काढतील हे मला माहीत आहे. खुशाल काढावा. पण मग रश्मीला कुठे घेऊन जायचे असेल, तर ते घराच्या मालकिणीला विचारावे लागेल, आणि ती नाही म्हणाली तर सामान कोणाचे बाहेर पडेल याचाही विचार करावा लागेल. रश्मी, तू नाही म्हणू शकतेस. मी सोमवारनंतर असले तरी, नसले तरी. आणि लोहाच्या गोळ्या आज दिल्या आहेत; संपल्या की सुषमाकडून घे, चहाबरोबर खाऊ नकोस.

वकील म्हणतात की जिला मिळायचे तिने साक्ष करू नये. म्हणून खाली तिचे नाव खोडले आहे. ती विचारत होती, "माझं नाव का खोडलं, माझं काय चुकलं का?" तिला सांगितले की काही चुकले नाही, तुला पुढे कळेल, आणि गुरुवारी कोणी कुठे चल म्हणाले तर नाही म्हण. हे सांगताना मी हसले. ते तिच्यासाठी होते; त्याचा दुसरा अर्थ कोणी लावू नये.

ठिकाण: दौंड
तारीख: २१ सप्टेंबर २००४

सही: धुरपदा खंडू ओव्हाळ

आम्हां दोघांसमक्ष सही झाली. लिहून देणार यांनी मजकूर आम्हांला वाचून दाखवला नाही, व आम्ही विचारला नाही.

साक्षीदार
१. सोपानराव जगताप, निवृत्त रेल्वे गार्ड, शेजारी. सही.
२. सौ. रश्मी सम्राट ओव्हाळ. (खोडले. या घराच्या होणाऱ्या मालकीण. धु. खं. ओ.)
२. वच्छलाबाई शेलार, दवाखान्यात काम. सही.