बिनतालाच्या गाण्यात माझा पाय

ती. आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. (मनातल्या मनात. टेबलाखाली वायरींचा असा गुंता आहे की खरंच वाकलो तर वर येईन याची खात्री नाही.) गुडघा कसा आहे? तेल लावतेस की बाटली नुसती उशाशी ठेवून बरं वाटतंय? इकडे सगळे खुशाल, मी तर खुशालीच्याही चार पावलं पुढे. बायको म्हणाली, ‘आता आत्यांना लिहा आणि मोकळे व्हा, मला पुन्हा ऐकवू नका,’ म्हणून बसलोय.

तुला ठाऊकच आहे, पोटासाठी मी ऑर्केस्ट्रात ड्रम बडवतो आणि उरल्या वेळात माळ्यावरच्या खोलीत लोकांची रेकॉर्डिंग करून देतो. तर त्या माळ्यावर गेल्या महिन्यात टेकडीवरच्या ख्रिस्ती मठाचे प्रमुख स्वतः धापा टाकत आले. त्यांच्याकडे आठ म्हातारे साधू रोज ग्रेगोरियन चँट गातात, म्हणजे लॅटिनमधली फार जुनी स्तोत्रं. त्यांतल्या सगळ्यांत वयस्कर बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. पुढे आवाज राहील की जाईल, डॉक्टर काही बोलेनात. त्याआधी आठही जणांचं गाणं टिपून ठेवायचं होतं. मी छाती काढून हो म्हटलं आणि विचारलं, ताल कुठला? म्हणाले, नाही. बरं, साथीला काय? काहीच नाही. निदान कुणी वरच्या सुरात, कुणी खालच्या? छे, सगळे एकच चाल गातात. मला त्यांची दयाच आली गं! वाटलं, बिचाऱ्यांना वाजवणारा मिळाला नसेल. मी माझा ड्रम देऊ केला. त्यांनी फार सौजन्याने खिडकीबाहेर पाहिलं.

मठाचं प्रार्थनागृह दगडी, उंच, आणि घुमणारं तर असं की मी खोकलो तो खोकला छतापर्यंत जाऊन, तिथली खबरबात घेऊन सावकाश परत आला. साधू दोन रांगांत समोरासमोर उभे राहिले आणि गायला लागले. आत्या, काय सांगू तुला! गळे आठ आणि आवाज एक. एका ‘आ’वर सूर पायऱ्या चढतो, वळतो, जरा टेकतो, पुन्हा उतरतो. शब्द नेतील तिकडे गाणं जातं, समेवर पोचायची कुणाला घाईच नाही. श्वाससुद्धा आळीपाळीने घेतात, म्हणून धार तुटत नाही. आणि ओळीच्या अर्ध्यावर सगळे एकदम गप्प! ना मान हलली, ना डोळा. मला वाटलं वीज गेली. मी वायरी चाचपतोय तोवर त्यांनी उरलेली अर्धी ओळ उचललीसुद्धा.

पण माझा पाय! जन्मभर ठेका धरलेला पाय तो, त्याला ‘इथे ताल नाही’ हे पटेचना. तो आपला शोधायला निघाला. पहिलं रेकॉर्डिंग ऐकतो तर देवाच्या स्तुतीमागे ठक-ठक. प्रमुखांनी बूट काढायला लावले. दुसऱ्यात थप-थप. इकडे दर खेपेला बाबांचा घसा झिजत होता, ते पाणी पीत होते आणि मी शरमेने जमिनीत चाललो होतो. शेवटी पाय दुमडला आणि त्याच्यावर बसलो.

तिसऱ्या खेपेला सगळं जमलं. अगदी शेवटच्या लांबलचक सुरावर मात्र बाबांचा आवाज विरला. ओठ हलत होते, आत सूर नव्हता. बाकीच्यांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही आणि तेवढी जागा भरून काढली. मी हेडफोनमधून सांधा शोधत होतो. नाही सापडला. तोंडं मिटली तरी सूर छताखाली फिरतच होता, आणि मी, तुझा भाचा, पोटातून, मनापासून ओरडलो, ‘वा!’

तो ‘वा’ही वर गेला. दोघे हातात हात घालून घुमत राहिले. तोंड लपवायला उठलो तर पायाला मुंग्या, सरळ आडवा झालो.

पुन्हा गाणं शक्यच नव्हतं. बाबा घशाला हात लावून बाकावर बसले होते. ‘वा’ कापावा तर त्याच्याबरोबर तो घुमणारा सूरही जातो. घरी सगळे उपाय करून थकलो आणि मठात जाऊन खरं ते सांगितलं. प्रमुखांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, ‘राहू दे. इतकी वर्षं गातोय, वा कुणी म्हटलं नव्हतं.’

बाबांचं ऑपरेशन नीट झालं. आवाज उरलाय, पण कुजबुजीएवढाच. काल हॉस्पिटलात त्यांना ऐकवलं. कान देऊन स्वतःला शोधत होते. संपल्यावर जवळ बोलावून पुटपुटले, ‘मी यात कुठे आहे? कळतच नाही!’

प्रमुख म्हणाले, ‘तेच तर जन्मभर सांगत आलो, वेगळं ऐकू येऊ नका.’

बाबा इतके हसले की नर्स धावत आली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, ‘हा मात्र लगेच ओळखू येतो.’

आत्या, इतकं कौतुक ऑर्केस्ट्रात कधी झालं नाही!

तुझा,
वेगळा ओळखू येणारा भाचा

ता. क. मठाचं छप्पर दुरुस्तीला काढलंय. साधूंना महिनाभर राहायला जागा हवी. तुझं घर मोठं, आणि जिन्यात आवाज काय सुंदर घुमतो! मी हो सांगून टाकलंय. पहिली प्रार्थना उजाडायच्या आधी असते, पण तू तशीही लवकर उठतेस.

पुन्हा ता. क. ते जेवताना बोलत नाहीत, नुसतं ऐकतात. पोरं लांब गेल्यापासून तुझं ऐकायला घरात कुणी नाही म्हणतेस ना? सध्या सात जण मिळतील. बाबांना परवा सोडणार आहेत.

शेवटचं. हे पत्र टपालाने पाठवत नाहीये. ज्यांनी ते तुझ्या हातात दिलं, ते अजून दारातच उभे असतील. चष्मा काढ आणि त्यांना आत बोलव.