मागच्या खोलीतले सिक्के

३ जुलै
घुबडवाला सिक्का गेला. मागे डबी पाहिली तेव्हा आरशासारखा होता. आज घुबडाच्या डोळ्यावर पांढरा ठिपका, दुधाचा थेंब वाळून बसावा तसा. पुसून जात नाही हे माहीत आहे, तरी कापसानं पुसला. नाही गेला. आधी हत्तीवाले दोन गेले, मग जहाजवाला, आता हा. सगळे परदेशी टाकसाळीतले, नवे कोरे, डबीतून कधी न काढलेले. आजोबांच्या काळचा मळका रुपया अजून धडधाकट आहे आणि ही शुद्ध चांदी दीड वर्षात नासते.
यांना दाखवला. "चांदीच त आहे. डागानं वजन कमी होते का?" यांना काय सांगू. दिवसभर ब्लाउज शिवून मान धरते. त्या कमाईतून स्वतःसाठी म्हणून मी ही एकच वस्तू घेते. गळ्यात घालायची नाही, हातात घालायची नाही, नुसती पाहायची. आता पाहवतही नाही.

६ जुलै
नागपूरच्या शेठला फोन. आधी म्हणे, "मॅडम, ये दुधी डाग टकसाल से ही आता है, इसमें वापसी नहीं होती." मग म्हणे, आपने हाथ लगाया होगा. चोराच्या उलट्या बोंबा. विकताना शीशे जैसा, शीशे जैसा करत होता.
ग्रुपवर टाकलं. चांदीवाल्यांच्या ग्रुपवर सध्या नुसती रडारड. कोणाचा अख्खा डबा गेला. एकजण टूथपेस्ट लावते, एकजण खोडरबरानं घासते. आर्वीचे ढोमणे म्हातारे नेहमीसारखे शहाणपण शिकवायला हजर. "ताई, तो डाग टाकसाळीत धुतानाच बसते, दिसते उशिरा. काही करू नका. रोज रोज पाहूही नका." पाहू नका म्हणे. मग घेतले कायले?

१३ जुलै
आठ दिवसांची झड. भिंतींना हात लावला तर ओला होते. ढोमणे काहीही म्हणोत, मला ओलाव्याचाच संशय. मागच्या खोलीत वर्षभराचा तांदूळ आहे. तांदूळ ओल ओढते, मिठाच्या डबीत आपण टाकतोच की. सिक्के तिकडे नेले, कोठीच्या वरच्या फळीवर डब्या उघडून मांडले. कोरडी हवा लागू दे. पार डागाळलेले दोन, घुबड आणि जहाज, माझ्या शिलाई दुकानाच्या गल्ल्यात राहू दिले. खिडकीच्या फटीतून दमट वारा येत होता, सगळीकडे चिकटपट्टी मारली. शिलाईवालीचं काम आहे, एक फट सोडली नाही.

२० जुलै
तांदळात किडे. यांनी बाजारातून गोळ्या आणल्या, फडक्यात बांधून कोठीत टाकल्या. मी म्हटलं निवडून घेते ना. "निकी येऊन राहिली दिवस भरायले. तिले किडका भात देशील?" सुवासिक चिन्नोर आहे तो, लेकीसाठीच राखून ठेवलेला. यांचा जीव निकीत आहे, तोंडानं कधी बोलणार नाहीत. कोठीचं झाकण तिरपं बसते म्हणून वरून चादर टाकली. यांना साबणानं हात धुवायला लावले, मग ताट वाढलं.

२७ जुलै
निकी आली. सातवा लागला. जावईबापू बालाघाटहून गाडी करून सोडून गेले. जाता जाता, "मम्मीजी, इसको बस आराम करने देना." जसं काही मी तिला धानाच्या रोवण्याला पाठवणार होती.
समोरच्या खोलीत माझी मशीन, गिऱ्हाईक, रस्ता. तिला मागची खोली दिली, शांत आहे. खिडकी उघडू नको म्हटलं, मच्छर येतात. सिक्के आहेत हेही सांगितलं. हसली. "माय, तुले नातू पाह्यजे का सिक्के?" दोन्ही पाहिजे. बाळाचं तोंड चांदीनं पाहायचं असते, त्याला बिनडागी सिक्का नको? मासोळीवाला ठरवून ठेवला आहे.

३ ऑगस्ट
निकीचं डोकं दुखते. सकाळपासून दोनदा उलटी. सातव्यात उलट्या होतात का, मला तर आठवत नाही. शेजारची कमलबाई म्हणते मुलगा असन त शेवटपर्यंत होते. निकी म्हणते खोलीत लसणाचा वास येते, सडल्या लसणाचा. जाऊन पाहिलं. येते थोडासा. माझ्या चटणीचाच असेल. दिवस गेलेल्या बाईचं नाक लई तिखट.
किडे मरून नाही राहिले म्हणून यांनी आज आणखी गोळ्या टाकल्या.

९ ऑगस्ट
आता हे काय नवीन. मासोळीवाल्यावर डाग, पण दुधी नाही. कडेनं पिवळट, मध्ये काळा. शाईचं बोट लागावं तसा. हत्तीवाल्यांवर जुन्या पांढऱ्याच्या बाजूला काळे. फळीवरचा एकही सुटला नाही. गल्ल्यातले दोन काढून पाहिले, त्यांना पांढऱ्याशिवाय काही नाही. म्हणजे जे जपले तेच गेले. रडू आलं. पन्नाशीची बाई चांदीसाठी रडते म्हणून दुकानाचा पडदा ओढून घेतला.
निकीचा चार्जर पुन्हा बंद. आल्यापासून दुसरा. तिच्या उशाशी तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवते, तेही काळं पडलं. चिंच लावून घासलं होतं परवाच.

१४ ऑगस्ट
निकी दोन दिवस गोंदियाला, माझ्या भावाकडे. तिथेच सोनोग्राफी झाली. बाळ ठीक आहे. फोनवर आवाज एकदम मोकळा. वहिनी म्हणाली, भात मागून मागून खाल्ला, उलटी नाही, काही नाही. बरं वाटलं. थोडं लागलंही. वहिनीच्या हातात असं काय आहे जे माझ्या नाही?

१७ ऑगस्ट
परत आली आणि दुसऱ्याच दिवशी तेच. डोकं, उलटी, आता छाती जड होते म्हणते. कोरडा खोकला. इथल्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, म्हणाले अंगात रक्त कमी आहे. संध्याकाळी निकी म्हणाली, "माय, या घरचं पाणी मले मानवत नाही आता." लग्न झालं की माहेरचं पाणीही परकं होते काय? मी ताटावरून उठली.
यांनी गोळ्या टाकल्या. या वेळी जास्त टाकल्या म्हणतात, एकदाचा किडा संपवतो.

२२ ऑगस्ट, पोळा
बैल दारात आले. निकी उठली नाही. लहानपणी शिंगांना बेगड लावायला हीच पुढे असायची, बापाशी भांडून. आज भिंतीकडे तोंड करून झोपली. "जाऊ दे ना माय, चक्कर येते." पुरण कोणीच धड खाल्लं नाही. काहीतरी वाईट आहे या घरात. असं लिहू नये, पण लिहिलं.

२३ ऑगस्ट
नारबोद, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची रोगराई वेशीबाहेर न्यायची. सकाळी पोरं ओरडत गेली, "खासी खोकला घेऊन जा गे नारबोद." दारात उभं राहून मी मनात म्हटलं, माझ्या निकीचाही ने. मागे वळली तर निकी मोरीपाशी भिंत धरून बसलेली. ओठ पांढरेफटक, हात थंड. यांनी आणि मी धरून आणली आणि तिच्याच खाटेवर निजवली. दार लोटून घेतलं, गडबड नको म्हणून.
दुपारी ती झोपली. माझा जीव कशात लागेना. फोन घेतला आणि काळ्या डागांचे फोटो ग्रुपवर टाकले, हा कोणता डाग म्हणून. लगेच सगळ्यांचं सुरू. कोणी टाकसाळीला शिव्या, कोणी शेठला. एकानं लिहिलं, ताई, मोडीत काढा.
ढोमण्यांचा फोन आला. हा माणूस कधी फोन करत नाही. कुठे ठेवले होते? मी म्हटलं तांदळाच्या खोलीत. "धान्यात गोळ्या टाकल्या का?" हो म्हटलं. मला वाटलं आता शहाणपण शिकवतील.
म्हणाले, "सिक्क्यांचं सोडा ताई. त्या खोलीत कोणी झोपते का?"

२४ ऑगस्ट, गोंदिया
दवाखान्याच्या व्हरांड्यात. निकीला ऑक्सिजन लावला आहे. काल फोन हातातच राहिला, मी धावली. हिला अंगणात आणलं, भावानं गाडी आणली. आमच्या तिरोड्यापासून गोंदियापर्यंत मी तिच्या नाकाशी बोट धरून बसली होती.
डॉक्टर बाईंनी खोदून खोदून विचारलं. किती दिवस झोपत होती, खिडकी होती का, गोळ्या किती. हवेतल्या ओलाव्यानं त्या गोळ्यांचा विषारी वायू होते. दिसत नाही. चांदी, तांबं, वायरी, सगळं खाते. माणसाचं तर विचारूच नका. त्याच्यावर उतारा नाही म्हणाल्या. शरीर बाहेर टाकेल तेव्हा. छाती आणि हृदय पाहून राहिलो, म्हणाल्या. बाळाचं विचारलं तर म्हणाल्या, थांबा.
हे जो भेटेल त्याला सांगतात, "गोळ्या म्या टाकल्या." कंपाउंडरला, चहावाल्याला, ओळख ना पाळख. आणताना दुकानदारानं बजावलं होतं म्हणे, त्या खोलीत झोपू नका. तेव्हा तिथे कोणी झोपत नव्हतं. नंतर निकी आली आणि यांच्या डोक्यातून गेलं. मी यांना बाजूला घेऊन म्हटलं, खिडकीला पट्टी मी मारली. उघडू नको असं तिला मीच बजावलं. सिक्क्यांसाठी.
म्हणाले, "मले माहीत आहे."
एवढंच. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं.
ढोमण्यांचा पुन्हा फोन, पोरगी कशी आहे म्हणून. त्यांचा सिक्क्यांचा डबा त्यांच्या भावाच्या धान्याच्या गोदामात असाच काळा पडला होता. तिथे फक्त पोती होती. मी त्यांना किती वाईट बोलत होती मनात.

२५ ऑगस्ट
जावईबापू पहाटेच आले. मला मम्मीजी म्हटलं नाही, पाया पडले नाहीत. सरळ तिच्याजवळ जाऊन बसले. काही बोलले असते तर मी ऐकून घेतलं असतं. कमलबाईचा फोन, घराची दारं-खिडक्या सताड उघडून ठेवल्या, कोठी लोकांनी तोंडाला फडकं बांधून बाहेर काढली. फळीवरचं काही आणू का, विचारलं. नको म्हटलं. काय होईल त्यांचं ते होवो.
डॉक्टर बाई सकाळी येऊन गेल्या. निकीची छाती कालपेक्षा बरी. बाळाचे ठोके आहेत, पण पाहिजेत तसे नाहीत. थोडे हळू. आज पुन्हा तपासणार, मग ठरवणार, आत्ताच बाहेर काढायचं का. एवढ्या लवकर निघालं तर जगते का, हे मी विचारलं नाही. यांनीही विचारलं नाही. व्हरांड्यात उकिडवे बसले आहेत, आत येत नाहीत.
अकरा वाजता जावई औषध आणायला खाली गेले. निकीनं नळीच्या आडून बोलावलं. "माय, कालपासून हललं नाही नीट." नर्स म्हणाली काही गोड खाऊ घाला, डाव्या कुशीवर निजवा, हलते. ग्लुकोज पाजलं. कुशीवर वळवली. तिनं माझा हात ओढून पोटावर ठेवला. हाताखाली तिचा श्वास वरखाली होत होता, बाकी काही नाही. मी देवाचं नाव घ्यायला गेली तर एकही आठवेना.
आत्ता काहीतरी सरकलं. बारीकसं, बोटाच्या पेराएवढं. बाळ की निकीचा श्वास, दोघींनाही समजलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं, ती माझ्याकडे. "थांब माय," म्हणाली, "हात काढू नको."
उजवा हात तिथेच आहे. हे डाव्यानं लिहून राहिली.